रिकामं ताट परत देत नाहीत

घणसोली गावातल्या एका घरची चूल मी विझवली. पाणी ओतून नव्हे, लिहून. "चूल थंड होती. हिराआजींनी माझ्यापुढे शिळं वाढलं. सून घरात नव्हती." या तीन वाक्यांनी माझा लेख सुरू झाला होता. तिन्ही वाक्यं खरी होती आणि लेख खोटा होता.

मी साताऱ्याच्या एका दैनिकात सव्वीस वर्षं मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या लेखनातल्या चुका काढणं हे माझं काम. बावन्नाव्या वर्षी वाटलं, आता आपणही काही लिहावं. बेलापूरला एका संस्थेत साहित्यिक पत्रकारितेचा वर्ग चालतो, महिन्यातले दोन शनिवार. बातमीतला माणूस गोष्टीतल्या माणसासारखा जिवंत करायचा, पण मनचं एक अक्षरही घालायचं नाही, असं हे लेखन. बायकोने प्रवेशाचा अर्ज पाहिला आणि म्हणाली, "करा. निदान शनिवारी तरी माझ्या चिठ्ठ्यांतल्या चुका काढणार नाही."

पहिल्या लेखासाठी मी श्रावणात घणसोलीला गेलो. माझ्या गावचा रामभाऊ तिथे भाड्याने राहतो. तुर्भ्याच्या बाजारात तो माथाडी, म्हणजे पोती वाहणारा कामगार. त्याने फोनवर पत्ता सांगितला, "देवळाच्या मागं मिठागरात काम केलेली म्हातारी हाय, हिराबाय. लई बोलती." मी गेलो, अर्धा तास बसलो, वहीत टिपणं घेतली, जेवलो आणि परतलो. दिवाळीच्या सुमाराला लेख आमच्याच दैनिकाच्या रविवार पुरवणीत फोटोसकट छापून आला. उंच इमारतींच्या सावलीत उपाशी राहिलेल्या एका म्हातारीचा लेख. लोकांनी फोन करून सांगितलं की वाचताना डोळ्यांत पाणी आलं. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर वर्गाला सुटी लागली. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा शुक्रवारी दुपारच्या गाडीने मी निघालो. पिशवीत लेखाचं कात्रण, टिपणवही आणि वर्गात वाटायला कंदी पेढ्यांचा खोका. घाट उतरल्यावर हवा दमट झाली, स्वेटर काढून मांडीवर घेतला. कळंबोलीला उतरलो आणि रिक्षाने नावड्याला भाचीकडे गेलो. तिच्या गच्चीतून एकीकडे तळोज्याच्या कारखान्यांची धुराडी दिसतात आणि दुसरीकडे पाणथळ जागेत उभे असलेले बगळे. हवेला कसलासा उग्र वास होता. मी नाक धरलं तशी भाची म्हणाली, "मामा, दोन दिवसांनी येतच नाही वास. सवय होते." हे वाक्य मी लगेच वहीत लिहून घेतलं. तेव्हा मी असाच झालो होतो. कोणी काही बोललं की माझा हात वहीकडे जायचा.

शनिवारी बेलापूरला वर्गात क्षीरसागर मॅडमनी एक साधं काम दिलं. "लेख आणि टिपणवही शेजारी शेजारी ठेवा. जे वहीत आहे आणि लेखात नाही, त्याच्याखाली रेघ मारा." त्या माझ्या बाकाजवळ आल्या आणि वही उचलून मोठ्याने वाचू लागल्या.

"मागच्या पडवीत चूल. ताजी सारवलेली. हळदीकुंकवाची बोटं, वर शेवंतीचं फूल. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, दहीभात, सगळं गार. चव छान. भिंतीशी जेवणाचे डबे, वीसेक, घासून पालथे." त्या थांबल्या. "हे फूल कुठे गेलं?"

"जागा कमी होती मॅडम."

"आभाळावर तुम्ही एक अख्खा परिच्छेद खर्च केलाय."

वर्ग हसला. मीही हसलो, पण कान तापले होते.

"आणि डबे? वीस डबे असलेल्या घरात म्हातारी उपाशी कशी?"

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, चुलीची पूजा करून चूल बंद ठेवली होती ना? मग ती शीतला सप्तमी असणार. श्रावणात येते. आमच्याकडेही त्या दिवशी काही पेटवत नाहीत, गॅससुद्धा नाही. आदल्या दिवशी केलेलं खायचं. सणच असतो तो."

वहीच्या पानावर वर मी तारीख घातली होती. मॅडमनी फोनवर पंचांग काढून पाहिलं आणि फोन माझ्यापुढे धरला. सप्तमीच होती.

साताऱ्याला आमच्या घरी हा सण पाळत नाहीत. पण "चूल आज बंद का?" एवढे चार शब्द मला विचारता आले असते. मॅडम चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हे मला विचारू नका. ज्यांच्याबद्दल लिहिलंत त्यांच्याकडे जा." पेढ्यांचा खोका मी पिशवीतून काढलाच नाही.

आधी रामभाऊला गाठावं म्हणून दुपारी तुर्भ्याची बस धरली. डोकं ठिकाणावर नव्हतं, दोन थांबे आधीच उतरलो. मग ट्रकांच्या रांगेच्या कडेकडेने चालत गेलो. एका ट्रकवाल्याने गाडी धुताना माझ्या चपला, पायजमा आणि पिशवीचा खालचा भाग असे तिन्ही भिजवले. बाजाराच्या फाटकाशी मसाल्याचा आणि कांद्याचा वास एकत्र नाकात गेला. रामभाऊ चहाच्या टपरीवर बसला होता. खांद्यावर आकडा, म्हणजे पोती ओढायचं लोखंडी हूक.

"आलास व्हय लेखक?" तो म्हणाला. त्याच्या तोंडी 'लेखक' हा शब्द शिवीसारखा वाटला.

"रामभाऊ, लेख वाचलास का तू?"

"आदी न्हवता वाचला. तुजा फोटू बघितला आन् गावच्या ग्रुपवर टाकला. आपल्या गावचा मानूस म्हनून. तितनं फिरत फिरत घनसोलीत ग्येला." त्याने चहाचा घोट घेतला. "सहा वर्सं झाली, त्या सुनंच्या हातचा डबा खातोय मी. सुगंधाताई. आमी बावीस गडी खातो. आन् तू लिवतोस, म्हातारी उपाशी!"

"ती डबे करते हे तू मला सांगितलं नाहीस."

"तू इचारलंस?"

रामभाऊ पुढे सांगू लागला. लेख फिरल्यापासून आळीतल्या बायका हिराआजींसाठी ताट झाकून आणू लागल्या. आज एक, उद्या दुसरी. दया म्हणून आणि थोडं सुनेला टोचायला म्हणूनही. सुगंधाताईच्या स्वतःच्या चुलीवर बावीस माणसांचा भात शिजत असताना तिच्या डोळ्यांदेखत सासूपुढे शेजारचं ताट यायचं. "मला डबा देती, पन तोंडाकडं बघत न्हाय. दारात ठेवून जाती."

मी पेढ्यांचा खोका पुढे केला. त्याने आधी खोक्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हे कशाचं? बारसं हाय का कुनाचं?"

संध्याकाळच्या गाडीने साताऱ्याला परत जावं, तिथून पत्र लिहावं, असं माझ्या मनात आलं. ते त्याने ओळखलं असावं. "उद्या रविवार, मला सुटी हाय. धा वाजता देवळापाशी ये. न्हाय आलास तर गावी मी तुला ओळखत न्हाय."

रविवारी सकाळी घणसोलीला पोचलो. देवळापाशी रामभाऊ उभाच होता. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की इमारती मागे राहतात आणि गावठाण (जुन्या गावाची वस्ती) सुरू होतं. दोन घरांमध्ये एक स्कूटर मावेल एवढीच गल्ली. खाली मालक आणि वर लोखंडी जिन्याने चढायच्या भाड्याच्या खोल्या. प्रत्येक कठड्यावर गड्यांचे बनियन वाळत घातलेले. कुठेतरी सुकट भाजली जात होती. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासमोर एक बाई शांतपणे मासळी साफ करत बसली होती आणि तीन मांजरं तितक्याच शांतपणे वाट पाहत होती. श्रावणात मी याच गल्लीतून गेलो होतो, पण त्या वेळी मला फक्त मागच्या इमारती दिसल्या होत्या.

हिराआजी पायरीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आला गं आपला पेपरवाला! ये पोरा, बस. पिशवीत काय हाय?"

"पेढे आहेत आजी."

"मंग दे की. दात नाय मना, पेढं चालतं." त्यांनी लगेच एक तोंडात टाकला. "तुज्यामुलं लय मजा झाली बग. दिवालीपासून लोकांची मच्छी खातंय मी. कोन पापलेट आनतंय, कोन कोलंबी. सून बोलते, नको घेऊ. मी बोललू, आलेली लक्षुमी परत लावू काय?"

आतून आवाज आला, "आई, कोणाशी बोलताय?" आणि हाताला पीठ लागलेली सुगंधाताई उंबऱ्यावर आली. चाळिशीची असावी. मी नाव सांगितलं. तिने हात पदराला पुसले नाहीत, तसेच समोर धरून उभी राहिली.

"अच्छा. म्हणजे तुमी."

"ताई, मला सण माहीत नव्हता," मी म्हणालो. "शीतला सप्तमी होती हे मला काल कळलं. माझी चूक झाली."

"त्या दिवशी मी देवीला गेली होती. अर्ध्या तासात आली. तुमी थांबला असता तर मीच वाढलं असतं." तिचा आवाज चढला नव्हता. "आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत वडे तळले मी. पाहुणा आला तर कमी पडू नये म्हणून जास्तीचे केले. ते तुमी खाल्ले आणि शिळं म्हणून लिहिलं."

रामभाऊ आपल्या चपलांकडे बघत होता.

"सुगंधाताई," तो पुटपुटला, "पैली चूक माजी. मीच फोटू..."

"तुमी गप बसा भाऊ. तुमचं नंतर बघते." तिने मला आत बोलावलं. चूल पेटलेली होती, तिच्यावर मोठा तवा होता. कोपऱ्यात स्टीलची ताटं एकावर एक रचलेली होती, सात. "ही बघा. परत नाय दिलीत मी. आमच्यात कोणाचं ताट रिकामं परत देत नाय. आणि भरून दिलं तर त्यांनी आणलेलं मी मान्य केलं असं होतं. म्हणून पडून हायत. पुढच्या आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू. दर वर्षी माझ्या घरी होतं. यंदा कोणत्या तोंडाने बोलवू? सासूला उपाशी ठेवणारीच्या हातचा तिळगूळ कोण घेईल?"

"मी पेपरात खुलासा छापतो."

"साताऱ्याच्या पेपरात? इथं कोण वाचतंय? लेख फिरतो तसा खुलासा फिरतो का कधी?"

वर्तमानपत्रात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला याचं उत्तर ठाऊक होतं.

ती चुलीपुढे बसली आणि तांदळाच्या पिठाचा गोळा परातीत थापू लागली. "ताटं भरून देते. तुमी घेऊन जायचं. ज्याच्या-त्याच्या दारात जायचं आणि सांगायचं. तुमी लिहिलं ना? मग तुमीच सांगायचं."

तासाभरात सात ताटांत प्रत्येकी दोन भाकऱ्या आणि तळलेली मांदेली (बोटभर लांबीचे सोनेरी मासे) वाढून झाली. कोणतं ताट कोणाचं हा प्रश्नच नव्हता, प्रत्येकाच्या काठावर नाव कोरलेलं होतं. मी एकेक नाव वाचायचो आणि हिराआजी घर सांगायच्या. "ही पिंपळाखालची. तोंडालू हाय, जास्त बोलू नको. ही वरच्या आळीची, तिची कोलंबी खारट असते. तिला सांग." रामभाऊने तीन ताटं घेतली, मी दोन. उरलेल्या दोन ताटांसाठी पुन्हा यायचं ठरलं.

पहिल्या दारात मी ताट पुढे केलं. बाई ताटाकडे, मग माझ्याकडे पाहत राहिली. शेवटी म्हणालो, "तो लेख मी लिहिला होता. हिराआजी उपाशी नव्हत्या. सप्तमी होती, म्हणून चूल बंद होती. मला कळलं नाही. मी न विचारता लिहिलं." तिने फडकं उचलून भाकरीला हात लावून पाहिला. भाकरी गरम होती. "सुगंधाच्या हातची हाय," ती आत कोणाला तरी म्हणाली.

दुसऱ्या दारात मला बसवून घेतलं आणि चारजणींना बोलावून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. तिसरी म्हणाली, "वा रे शिकलेले! चुलीवर फूल दिसलं नाय तुमाला?" मी खाली पाहिलं आणि "नाही, कळलं नाही" असंच काहीतरी बोललो. पिंपळाखालच्या बाईंनी मला उभ्याउभ्या झापलं. मग त्याच म्हणाल्या, "आमी पण येडीच, म्हणा. पाच घरं सोडून राहतो. डोळ्यांनी रोज बघतो ती म्हातारीला भरवते ते. आन् विश्वास ठेवला फोनवर." वरच्या आळीत कोलंबीचा निरोप मी दिला नाही.

शेवटचं ताट देऊन परतलो तेव्हा दुपार झाली होती. सुगंधाताईने पाट मांडला होता. भाकरी, मांदेली, वालाचं कालवण (रस्सा). ताट माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "गरम हाय. वहीत लिहा."

रामभाऊला ठसका लागला. हिराआजी खो खो हसल्या. मलाही हसू आलं. हात धुऊन निघताना मी तिला म्हणालो, "ताई, मला एक सांगायचं होतं."

"झालं ना आता. तुमाला माहीत नव्हतं. ठीक हाय." ती डबे भरायला वळली. "जा, गाडी चुकेल तुमची."

मी निघालो. माहीत नव्हतं हे तिने माझ्या वतीने मान्य करून टाकलं होतं आणि मी ते खुशाल घेतलं होतं. साताऱ्याची गाडी खंडाळ्याचा घाट चढू लागली तेव्हा मी वही उघडली. त्या पानावर माझ्याच अक्षरात ते फूल होतं. सात दारांत मी सांगितलेलं खरंच होतं, सण मला माहीत नव्हता. पण श्रावणातही मी खरंच लिहिलं होतं. खऱ्या वाक्यांच्या आड लपायची मला सवय लागली होती.

संक्रांत झाल्यावर चार दिवसांनी हे प्रवासवर्णन लिहून पूर्ण केलं. छापायला देण्याआधी सुगंधाताईला फोन लावला. म्हटलं, आधी तुम्हाला वाचून दाखवतो, चुकलं असेल ते सांगा. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्येच हिराआजी ओरडल्या, "पापलेट एकदाच आनलं होतं, रोज नाय!" सुगंधाताईने सांगितलं की हळदीकुंकवाला सगळ्या बायका आल्या, वाण म्हणून आणलेल्या चाळण्या कमी पडल्या, आणि पिंपळाखालच्या बाई सगळ्यांत आधी आल्या. रामभाऊला डबा आता हातात मिळतो.

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "फक्त ते एक काढा ना, तुमी सारखं स्वतःला बोल लावताय ते. माहीत नसतं माणसाला."

"तेच काढता येणार नाही ताई," मी म्हणालो. "ते फूल मला दिसलं होतं. डबेही दिसले होते. वहीत लिहून घेतले होते. लेख लिहायला बसलो तेव्हा वाटलं, हे घातलं तर कोणाला रडू येणार नाही. म्हणून मी ते गाळलं. मला माहीत नव्हतं हे खरं आहे, पण माझी चूक ती नाही. मी जाणूनबुजून तुमचं घर उपाशी दाखवलं. मला माफ करा."